ताबा आणि हक्क: ‘पझेशन इज नाइन-टेन्थ्स ऑफ द लॉ’ ही इंग्रजी म्हण कशी समजून घ्यावी आणि कशी वापरावी

‘पझेशन इज नाइन-टेन्थ्स ऑफ द लॉ’ ही म्हण इंग्रजी कादंबऱ्यांत, वकिलांच्या तोंडी, बातम्यांच्या मथळ्यांत आणि भावंडांच्या थट्टामस्करीत सारखी भेटते. शब्दशः पाहिले तर ‘ताबा म्हणजे कायद्याचे नऊ-दशांश’ असा तिचा अर्थ होतो. बहुतेक मराठी वाचक तो ‘ज्याच्याकडे वस्तू, तोच तिचा मालक’ असा लावून पुढे जातात. हा अर्थ अपुरा आहे, कारण ताबा म्हणजे मालकी असे ही म्हण कुठेही म्हणत नाही. तसे म्हणायचे असते तर नऊ-दशांशावर थांबण्याचे कारणच नव्हते. तो सोडलेला एक दशांश मुद्दाम सोडलेला आहे, आणि तो लक्षात ठेवला तरच ही म्हण योग्य जागी वापरता येते.

म्हणीचा खरा अर्थ वादाच्या प्रसंगात उलगडतो. एकाच वस्तूवर दोघे हक्क सांगत असतील, तर ती ज्याच्या हातात आहे त्याला काहीच करावे लागत नाही. तो स्वस्थ बसू शकतो. समोरच्याला मात्र मागणी करावी लागते, कागद शोधावे लागतात, साक्षीदार उभे करावे लागतात, वेळ आणि पैसा घालवावा लागतो, आणि एवढे करूनही पुरावा कमी पडला तर वस्तू जिथे आहे तिथेच राहते. दोन्ही बाजू सारख्याच दुबळ्या असतील तर ताबेदार जिंकतो, कारण हलवण्याइतके बळ कोणाकडेच नसते. ही जी विषमता आहे, तिचे वर्णन या म्हणीत आहे. त्यामुळे ‘वाद झाला तर ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याची बाजू फार भक्कम असते’ हा तिचा सर्वांत जवळचा अर्थ होय. नऊ-दशांश हा आकडा केवळ ‘जवळजवळ सगळे’ एवढेच सांगतो. तो नव्वद टक्क्यांचा हिशेब नाही.

मराठीत ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण आहे आणि ती या इंग्रजी म्हणीची सख्खी बहीण शोभते. ससा कोणी हेरला, कोणी धावून दमवला, कोणाच्या कुत्र्यांनी घेरला, हे विचारायला कोणी थांबत नाही. संध्याकाळी ज्याच्या हातात ससा दिसतो त्यालाच लोक पारधी म्हणतात. फरक एवढाच आहे की मराठी म्हणीचा रोख श्रेयाकडे आहे आणि इंग्रजी म्हणीचा रोख वादातल्या बळाकडे. मराठी म्हण जग काय मानते ते सांगते, तर इंग्रजी म्हण समोरच्याला किती कष्ट पडतील ते सांगते.

योगायोग असा की अमेरिकेच्या कायद्यातला एक गाजलेला निकाल अक्षरशः याच प्रसंगावर आहे, फक्त तिथे सशाऐवजी कोल्हा होता. न्यूयॉर्क राज्यात पोस्ट नावाचा एक गृहस्थ शिकारी कुत्रे घेऊन कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या पडीक जागेत एका कोल्ह्याच्या मागे लागला होता. कोल्हा टप्प्यात येणार तेवढ्यात पिअर्सन नावाच्या दुसऱ्याने, पाठलाग चालू आहे हे डोळ्यांनी दिसत असताना, तो कोल्हा मारला आणि उचलून नेला. पोस्टने दावा लावला आणि खालच्या न्यायालयात तो जिंकलाही. परंतु 1805 मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवला आणि केवळ पाठलाग केल्याने रानटी जनावरावर हक्क निर्माण होत नाही, ते प्रत्यक्ष मारावे, जखमी करून अडवावे किंवा पकडून ताब्यात घ्यावे लागते, असे सांगितले. एका न्यायमूर्तींनी मात्र विरोधी मत नोंदवले. इतक्या कष्टाने पाठलाग करणाऱ्याच्या तोंडचा घास कोणीही उपटसुंभाने पळवावा हे त्यांना पटले नाही. ही म्हण ऐकताना ज्यांना अन्यायाची टोचणी लागते, त्यांच्या मनातली गोष्ट त्या विरोधी मतात आहे असे मला वाटते.

‘पॉइंट्स’ आणि ‘टेन्थ्स’

ही म्हण दोन रूपांत आढळते. जुने रूप ‘पझेशन इज नाइन पॉइंट्स ऑफ द लॉ’ असे आहे आणि ते सतराव्या शतकापासून चालत आले आहे. त्याच शतकात ‘ताबा म्हणजे कायद्याचे अकरा मुद्दे, आणि मुद्दे तर एकूण बाराच’ असेही एक रूप प्रचारात होते. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे मुळात ‘पॉइंट’ हा शब्द वादातला मुद्दा या अर्थाने आला आहे: दाव्यात जितके मुद्दे मांडता येतील त्यांपैकी एक सोडून बाकी सगळ्यांच्या तोडीचा एकटा ताबा आहे, असा त्याचा भाव होता. दुसरी म्हणजे आकडा कधीच पक्का नव्हता, पक्की होती ती कल्पना, की फक्त एकच मुद्दा ताब्याच्या बाहेर राहतो. पुढे मुद्द्यांची जागा अपूर्णांकाने घेतली आणि आजचे ‘नाइन-टेन्थ्स’ रूढ झाले.

या नऊ मुद्द्यांची एक यादीही सांगितली जाते: भरपूर पैसा, भरपूर धीर, न्याय्य बाजू, चांगला वकील, चांगला सल्ला, चांगले साक्षीदार, चांगले पंच (ज्यूरी), चांगला न्यायाधीश आणि चांगले नशीब. यादी वाचायला गोड आहे आणि कोर्टकचेरीत पडलेल्या कोणालाही ती पटेल. पण एकेकाळी अकरा मुद्द्यांचे रूप तितकेच प्रचलित होते, हे पाहता ही यादी म्हण रुळल्यानंतर कोणीतरी जुळवलेली दिसते. म्हणीचा उगम म्हणून ती सांगू नये.

लिहिताना आज ‘नाइन-टेन्थ्स’ हेच रूप घ्यावे. ‘नाइन पॉइंट्स’ चुकीचे नाही, पण त्याला जुन्या इंग्रजी लेखनाचा वास आहे. ऐतिहासिक कथेत किंवा वयस्कर ब्रिटिश पात्राच्या तोंडी ते शोभून दिसते.

कायदा खरोखर काय मानतो

असा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. न्यायालयात उभा राहून कोणी वकील ही म्हण आधार म्हणून देत नाही. तरीही तिच्या मुळाशी खरी कायदेशीर तत्त्वे आहेत, आणि ती थोडीफार माहीत असली की म्हण कुठे चपखल बसते आणि कुठे फसवते याचा अंदाज आपोआप येतो.

रोमन कायद्यात ताबा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात. जमिनीवरून तंटा झाला की न्यायाधिकारी आधी एवढेच पाही की सध्या ताबा कोणाकडे आहे, आणि मालकीचा निवाडा होईपर्यंत त्याला कोणी हुसकावू नये असा हुकूम देई. त्याला एक महत्त्वाची अट होती: तो ताबा समोरच्याकडून जबरदस्तीने, चोरून किंवा त्याच्याच मेहरबानीने मिळवलेला नसावा. या व्यवस्थेमागचा विचार सरळ आहे. आपल्याला जे आपले वाटते ते प्रत्येकाने हिसकावून घ्यायचे ठरवले तर न्यायनिवाड्याआधीच डोकी फुटतील. म्हणून आहे ती स्थिती राखायची आणि ज्याची तक्रार आहे त्याने ती शाबीत करायची. दोन्ही पक्ष समान असतील तर ताबेदाराची स्थिती वरचढ, हे सूत्रही रोमन कायद्यातलेच आहे.

इंग्लंडमध्ये या तत्त्वाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण 1722 सालचे आहे. धुराडी साफ करणाऱ्या एका मुलाला एक जडावाचा दागिना सापडला. तो काय आहे, केवढ्याचा आहे, हे विचारायला तो एका सोनाराच्या दुकानात गेला आणि त्याने दागिना तिथल्या उमेदवाराच्या, म्हणजे काम शिकणाऱ्या मदतनिसाच्या, हातात दिला. उमेदवाराने वजन करण्याच्या मिषाने खडे काढून घेतले आणि मालकाला हाक मारून, याचे तीन अर्धे पेन्स होतात, असे सांगितले. मालकाने तेवढे पैसे मुलापुढे धरले. मुलाने ते घ्यायला नकार दिला आणि आपली वस्तू परत मागितली. त्याच्या हातात परत आले ते खडे नसलेले रिकामे कोंदण.

मुलगा न्यायालयात गेला. दागिना त्याच्या मालकीचा नव्हता हे उघड होते. तो त्याला सापडलेला होता. तरीही न्यायालयाने सांगितले की सापडलेली वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा पूर्ण मालक होत नसला, तरी खरा मालक सोडून जगातल्या बाकी सर्वांविरुद्ध ती राखण्याचा हक्क त्याला आहे. सोनार हा खरा मालक नव्हता, त्यामुळे ‘हे तुझे नाहीच’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार नव्हता. उमेदवाराच्या कृत्याची जबाबदारीही सोनारावरच आली. खडे सोनाराने हजर केले नाहीत तर ते त्या मापात मावणारे सर्वोत्तम प्रतीचे होते असे धरून भरपाई ठरवावी, अशी सूचना पंचांना देण्यात आली. नऊ-दशांश आणि एक दशांश यांची विभागणी इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा दाखला मला माहीत नाही: नऊ भाग म्हणजे इतर सर्व जग, आणि एक भाग म्हणजे खरा मालक.

हेच तत्त्व किती दूरवर जाते ते 2001 सालच्या एका इंग्रजी निकालात दिसते. पोलिसांनी एका माणसाकडून चोरीची म्हणून एक मोटार जप्त केली होती. ती चोरीची आहे हे त्याला माहीत होते असे न्यायालयाने मान्य केले. तरीही, मूळ मालक सापडत नसेल आणि जप्तीचा कायदेशीर अधिकार संपला असेल, तर मोटार ज्याच्याकडून घेतली त्यालाच परत द्यावी लागेल, असा निकाल अपील न्यायालयाने दिला. पोलिसांचा त्या मोटारीवर त्याच्याहून चांगला हक्क नव्हता, एवढाच त्यातला तर्क. ऐकायला हे खटकते आणि खटकायला हवेच. पण ताबा हा स्वतःच एक हक्क आहे, ही गोष्ट यातून लख्ख कळते.

जमिनीच्या बाबतीत ताबा काळाच्या जोरावर आणखी पुढे सरकतो. इंग्लंडमध्ये नोंदणी न झालेल्या जमिनीवर कोणी उघडपणे, विनापरवानगी आणि स्वतःची म्हणून 12 वर्षे ताबा ठेवला, तर मूळ मालकाचा ती परत मागण्याचा हक्कच संपतो. म्हणजे इथे उरलेला दहावा भागही ताबेदाराकडे जातो. हाच 12 वर्षांचा नियम पूर्वी नोंदणीकृत जमिनीलाही होता, आणि इंग्लंडमधल्या बर्कशायरमधील सुमारे 23 हेक्टर नोंदणीकृत जमिनीच्या प्रकरणात हे घडले: चराईचा करार संपल्यानंतरही शेजारचे शेतकरी कुटुंब ती जमीन वापरत राहिले, कागदोपत्री मालक असलेल्या कंपनीने वेळेत हालचाल केली नाही, आणि 2002 मध्ये देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी संमत झालेल्या जमीन नोंदणी कायद्याने मात्र नियम पालटला. आता नोंदणीकृत जमिनीवर 10 वर्षे ताबा असणाऱ्याला अर्ज करता येतो, पण मालकाला तशी सूचना जाते आणि त्याने हरकत घेतली तर बहुतेक वेळा अर्ज तिथेच अडतो. याचा अर्थ असा की ही म्हण जिथे जन्मली त्याच देशात आज जमिनीच्या बाबतीत ती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. कायदेशीर सल्ल्याऐवजी म्हणीवर विसंबणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

बोलताना आणि लिहिताना

म्हण वापरण्याआधी प्रसंगात तीन गोष्टी आहेत का ते पाहावे: एक ठरावीक वस्तू किंवा जागा, तिच्यावर हक्क सांगणारे किमान दोघे, आणि त्यांपैकी एकाच्या हातात ती प्रत्यक्ष असणे. वाद नसेल तर म्हण लागू पडत नाही. एखाद्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले घड्याळ त्याच्या मनगटावर आहे, एवढ्यावरून ही म्हण वापरली तर ऐकणाऱ्याला वाटेल की घड्याळाच्या मालकीबद्दल काहीतरी शंका आहे. मराठी बोलण्यात ‘पझेशन’ हा शब्द घराच्या किल्ल्या हातात मिळण्यासाठी इतका रुळला आहे की ‘आम्हाला पझेशन मिळाले’ या आनंदाच्या बातमीला जोडून ही म्हण टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा.

ही म्हण कोण उच्चारतो यावर तिचा सूर ठरतो, आणि माझ्या मते वापराच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वस्तू ज्याच्या हातात आहे तो म्हणाला तर तिच्यात खोडकरपणा किंवा आडमुठेपणा येतो. घरातला एक साधा प्रसंग घ्या. धाकटा भाऊ म्हणतो, “ताई, तो कॅमेरा बाबांनी मला द्यायचा कबूल केला होता.” त्यावर ताई म्हणते, “केला असेल कबूल, पण आहे तो माझ्या कपाटात, आणि पझेशन इज नाइन-टेन्थ्स ऑफ द लॉ.” इथे ताईने भावाचे म्हणणे खोटे ठरवलेले नाही. तिने फक्त एवढे सुचवले आहे की तुझे म्हणणे खरे असले तरी कॅमेरा मिळवायचे कष्ट तुलाच घ्यावे लागतील. म्हणीतली सगळी धार याच सूचनेत आहे, आणि जवळच्या माणसांत ती हसत झेलली जाते.

तेच वाक्य वस्तू गमावलेला माणूस म्हणाला तर त्यात हताशपणा असतो. भागीदारी मोडल्यावर एक भागीदार सांगतो की ग्राहकांची यादी आणि खात्याचा पासवर्ड दुसऱ्याकडेच राहिला, दोघांनी मिळून उभे केलेले काम आता तोच चालवतो आहे, आणि शेवटी खांदे उडवून तो ही म्हण उच्चारतो. इथे ‘हक्क माझा असला तरी आता भांडण्यात अर्थ नाही’ असा तिचा भाव होतो.

तिसरा वापर सल्ल्याचा आहे आणि तो सर्वांत उपयोगी आहे. हिशेब पूर्ण होईपर्यंत मूळ कागद हातचे सोडू नकोस, पैसे मिळाल्याशिवाय माल पाठवू नकोस, भांडण मिटेपर्यंत किल्ली परत करू नकोस, असे सांगताना इंग्रजीत या म्हणीचा आधार घेतात. मराठीत आपण ‘हातचे सोडू नकोस’ म्हणतो तो हाच सूर. वकिलांच्या किंवा अनुभवी व्यापाऱ्यांच्या तोंडी ही म्हण बहुधा अशा इशाऱ्याच्या रूपात येते.

वाक्यरचनेबाबत पथ्ये थोडीच आहेत. ही म्हण म्हणजे स्वतंत्र, पूर्ण वाक्य आहे. तिचे क्रियापद करता येत नाही आणि मधले शब्द सहसा बदलत नाहीत. ‘पझेशन’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही आणि ‘हिज पझेशन’ किंवा ‘माय पझेशन’ असेही म्हणत नाहीत. ‘लॉ’च्या आधी मात्र ‘द’ हवाच. ‘टेन्थ्स’मधला शेवटचा ‘स’ बोलताना हमखास गळतो, लिहिताना तो गळू देऊ नये. सुरुवातीला ‘वेल’, ‘आफ्टर ऑल’ किंवा ‘अ‍ॅज दे से’ जोडले की वाक्य सहज बोलण्यात मिसळते. दोन माणसांना म्हण चांगली ठाऊक असेल तर ‘पझेशन इज नाइन-टेन्थ्स, यू नो’ एवढ्यावरही भागते.

सर्वांत कामाची रचना मात्र ‘पझेशन मे बी नाइन-टेन्थ्स ऑफ द लॉ, बट...’ ही आहे. या रचनेत म्हण मान्य करून लगेच उरलेल्या दहाव्या भागाकडे बोट दाखवता येते. ‘पझेशन मे बी नाइन-टेन्थ्स ऑफ द लॉ, बट द रिसीट इज इन माय नेम’ असे म्हटले की समोरच्याचे बळही कबूल होते आणि आपला हक्कही ठामपणे मांडला जातो. निबंधात, लेखात किंवा वादविवादात म्हण वापरायची असेल तर ही रचना घ्यावी, कारण नुसती म्हण टाकल्यास लेखकाने बळकावणाऱ्याची बाजू घेतली असे वाटण्याचा धोका असतो.

औपचारिक पत्रात, विशेषतः वाद खरोखर पेटलेला असताना, ताबेदाराने ही म्हण लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे हक्काचा कागद असतो तो कागद दाखवतो. जो म्हण सांगतो त्याच्याकडे कागद नाही, असाच निष्कर्ष वाचणारा काढतो. तसेच ज्या माणसाने फसवणुकीत किंवा चोरीत काही गमावले आहे त्याच्यासमोर ही म्हण उच्चारणे निष्ठुरपणाचे आहे, मग बोलणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

बातम्यांत आणि लेखांत ही म्हण मोठ्या वादांसाठीही येते. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी ती काढून नेली, 1816 मध्ये ब्रिटिश संसदेने ती विकत घेतली आणि तेव्हापासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीस ती परत मागतो आहे, तर संग्रहालयातल्या वस्तू कायमच्या देऊन टाकण्यावर 1963 च्या ब्रिटिश कायद्याने कडक बंधने आहेत. इथे लेखक म्हण वापरतो तेव्हा तो बहुतेक वेळा ताब्याच्या बळाबद्दल नाराजी व्यक्त करत असतो, त्या बळाचे समर्थन करत नसतो. वाचताना हा सूर ओळखणे आवश्यक आहे, कारण शब्द तेच असले तरी बाजू उलटलेली असते.

इंग्रजीत ‘पझेशन’ या शब्दाला इतरही अर्थ आहेत आणि मथळे देणाऱ्यांना त्यांच्यावर कोटी करायला फार आवडते. फुटबॉलमध्ये चेंडू जास्त वेळ आपल्या संघाकडे राखणे म्हणजे पझेशन, आणि एखाद्याला भुताने झपाटणे म्हणजेही पझेशन. सामन्याच्या वृत्तान्तात किंवा भयकथेच्या परीक्षणात ही म्हण दिसली तर तिथे कायदा शोधत बसू नये.

जवळच्या म्हणींपासून वेगळेपण

‘फाइंडर्स कीपर्स’ ही मुलांच्या खेळातली घोषणा फक्त सापडलेल्या वस्तूपुरती आहे, आणि ज्याला सापडली त्याचीच झाली असे ती बेधडक म्हणते. आपली म्हण सापडलेल्या, उसन्या घेतलेल्या, वाटणीत राहून गेलेल्या, अशा कोणत्याही वस्तूला चालते, आणि खऱ्या मालकासाठी दार किंचित उघडे ठेवते. ‘माइट इज राइट’ म्हणजे आपले ‘बळी तो कान पिळी’. त्यात अंगबळाने किंवा सत्तेने हिसकावणे आहे, तर पझेशनच्या म्हणीत हिसकावणे असलेच पाहिजे असे नाही. दुबळ्यात दुबळा माणूसही केवळ वस्तू जवळ असल्यामुळे वरचढ ठरू शकतो, जसा तो धुराडी साफ करणारा मुलगा ठरला. ‘अ बर्ड इन द हँड’ ही म्हण हातची गोष्ट आणि अनिश्चित लाभ यांची तुलना करते. तिथे दुसरा हक्कदार मुळी नसतोच.

मराठीत उतरवताना

भाषांतर करणाऱ्याने ‘ताबा हा कायद्याचा नऊ-दशांश भाग आहे’ असे लिहू नये, कारण मराठी वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही. प्रसंग हलका असेल आणि बोलणाऱ्याचा सूर खोडकर असेल तर ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ बिनदिक्कत वापरावे. प्रसंग मालमत्तेच्या वादाचा असेल तर ‘ज्याचा ताबा त्याची बाजू भक्कम’ किंवा ‘वस्तू ज्याच्या हातात, त्याला सिद्ध काहीच करावे लागत नाही’ असे सरळ लिहिलेले बरे. सल्ल्याचा प्रसंग असेल तर ‘वाद मिटेपर्यंत ताबा सोडू नये’ एवढ्यात अर्थ पूर्ण येतो. ‘मालक’ हा शब्द मात्र यांपैकी कोणत्याही भाषांतरात येऊ देऊ नये. मूळ इंग्रजीत ‘ओनरशिप’ हा शब्द टाळून ‘पझेशन’ वापरला आहे, आणि मराठीत ‘मालक’ लिहिल्याबरोबर नऊ-दशांशाचे दहा-दशांश होतात.